बाड्यावर सापडलेला अर्थ

ग्वाल्हेरला येणारा पाहुणा आधी किल्ला पाहतो, मग जयविलास राजवाडा पाहतो, आणि वेळ उरलाच तर तानसेनाच्या समाधीवर जाऊन येतो. महाराज बाड्यावर त्याचे जाणे होते ते बहुधा चंदेरी साडी घेण्यापुरते. आम्हां ग्वाल्हेरकरांची रीत नेमकी उलटी आहे. किल्ल्यावर आम्ही पाहुण्यांच्या निमित्ताने जातो; बाड्यावर मात्र जन्मभर जात राहतो. बारशाचे कुंचीचे कापड, शाळेची पुस्तके, मुंजीचे सामान, लग्नाचा शालू, इतकेच काय पण आजोबांच्या चष्म्याची दांडी, सारे काही आमच्या घरात बाड्यावरूनच आले. नोकरीनिमित्त गेली 22 वर्षे आम्ही शिवपुरीस राहतो, परंतु घरात काही मोडले की आमच्या तोंडून आजही सहज निघते, "बाड्यावर मिळेल."

मराठी 'वाडा' इथल्या हिंदी बोलीत 'बाडा' झाला, आणि दोन शतकांच्या वास्तव्यात आम्हीही बाडाच म्हणू लागलो. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी आपल्या फौजेचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी कायमचा दिला. त्या तळाचे गाव झाले आणि गावाचे नाव लष्करच राहिले. चिटणीसांची गोठ, महाडिकांची गोठ, फालका बाजार, शितोळ्यांचा बाडा, शिंदे की छावणी ही नावे वाचीत पायी हिंडावे, म्हणजे आपले पूर्वज कोणत्या क्रमाने आणि कोणत्या थाटात इथे उतरले याचा सारा हिशेब रस्त्यावर मांडलेला दिसतो.

बाड्याचे कागदोपत्री नाव जयाजी चौक. मधोमध शिंदे महाराजांचा पुतळा आणि भोवती सात इमारती : टाउन हॉल, पोस्ट ऑफिस, स्टेट बँक, सरकारी छापखाना, मध्यवर्ती ग्रंथालय, व्हिक्टोरिया मार्केट आणि गोरखी. सातांची घडण सात निरनिराळ्या शैलींची आहे, असे इथला प्रत्येक जाणता माणूस पाहुण्याला अभिमानाने सांगतो. अलीकडच्या वर्षांत या इमारतींवर रात्री रंगीत प्रकाशझोत सोडले जातात. ते पाहून नवखा माणूस हरखून जातो. गेल्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी या झगमगाटात आम्हीही उभे होतो. पण आमचे सारे लक्ष मागच्या गल्लीत उभ्या असलेल्या एका जुन्या मोटारीच्या डाव्या डोळ्याकडे लागले होते. आज सांगायचे आहे ते त्या डोळ्याविषयी.

ही मोटार आमच्या वडिलांची. 1986 साली, नाव नोंदवून आणि पुष्कळ दिवस वाट पाहून, त्यांनी ही प्रीमियर पद्मिनी घेतली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून ही गाडी 'फियाट 1100 डिलाइट' या नावाने निघे. 1974 पासून ती पद्मिनी झाली. आणि 2000 सालच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आमची मोटार आता निर्वंश झालेल्या घराण्यातली आहे. दर पाच वर्षांनी तिच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी तिची तपासणी होते आणि तीत दिवेही पाहिले जातात. पुण्यास नोकरीला असलेले आमचे चिरंजीव दर दूरध्वनीला एकदा तरी म्हणतात, "बाबा, आता ती विका." आमच्या मातुःश्री, वय वर्षे 82, यांचे त्यावरचे उत्तर ठरलेले असते : "मी आहे तोवर नको."

संक्रांतीला लष्करात भाचीच्या मुलाचे बोरनहाण होते. शाळेची कामे उरकून शिवपुरी सोडायला आम्हांला साडेपाच वाजले. शिवपुरी ते ग्वाल्हेर हे अंतर सुमारे 115 किलोमीटर. आमच्या गाडीचे वय पाहता अडीच तासांचा रस्ता. गुडघ्यांमुळे आई पुढच्या आसनावर आणि मागे आमच्या सौ., तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन. सतनवाड्याच्या पुढे जंगलातून जाताना सूर्य मावळला. मोहन्याला चहा घेतला तेव्हा पूर्ण काळोख पडला होता, आणि घाटीगावच्या अलीकडे धुके उतरू लागले. पौष-माघातले आमच्या भागातले धुके ज्यांनी पाहिले नाही, त्यांना त्याची कल्पना देणे कठीण. ते रस्त्यावर नुसते तरंगत नाही. ओल्या घोंगडीसारखे अंगावर पडते.

धुक्यात मोठा झोत टाकू नये, हे आम्हांला ठाऊक होते. धुक्याच्या कणांवरून तो उलट फिरून चालवणाऱ्याच्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून आम्ही झोत खाली पाडला. उजवा दिवा बऱ्यापैकी जळत होता. डावा मात्र देवघरातल्या समईसारखा पिवळा झाला. समोरच्या फलकावर, मोठा झोत लागला असता पेटावयाचा निळा ठिपका झोत खाली असतानाही अंधुक तेवत होता. तो तसा तेवतो हे आम्ही पूर्वीच पाहिले होते. त्याकडे लक्ष मात्र कधी दिले नव्हते.

रस्त्याची डावी कड दिसेनाशी झाली. आम्ही उजव्या दिव्याच्या भरवशावर, दुभाजकाच्या दगडांवर नजर ठेवून, हळूहळू चाललो होतो. एकाएकी आई ओरडली, "अरे थांब, पोर आहे!" डाव्या बाजूला एक मुलगा हातातल्या मोबाइलचा प्रकाश गोल गोल फिरवीत आमच्याकडे धावत येत होता. आम्ही दोन्ही पायांनी गाडी दाबली. ती तिरकी होऊन थांबली तेव्हा तिच्या डाव्या नाकापासून वावभर अंतरावर फरशीच्या दगडांनी भरलेली एक ट्रॉली उभी होती. ट्रॅक्टर बंद पडला होता. मागे ना दिवा, ना लाल काच. मुलगा दहा-बारा वर्षांचा असेल. आमच्या शाळेत असता तर सहावीत बसला असता. तो नुसते एवढेच म्हणाला, "दिखा नहीं क्या?"

काय उत्तर देणार! दिसले नव्हते हे खरेच होते. तो पोर आणखी चार पावले पुढे आला असता तर काय झाले असते, हा विचार त्या रात्री बराच वेळ आमचा डोळा लागू देईना. एका बसच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून, तिच्या मागोमाग रांगत आम्ही ग्वाल्हेर गाठले, कंपूवरून बाड्याकडे वळलो आणि बहिणीच्या दारात गाडी लावली. आई उतरताना काहीच बोलली नाही. तिचा हात मात्र थरथरत होता.

इथे एक कबुली द्यावयास हवी. हा दोष त्या रात्रीचा नव्हे. दीड वर्षापासून डावा दिवा मंद जळत होता, आणि आम्ही त्यावर इलाज केले नाहीत असेही नव्हे. प्रथम बल्ब बदलला. मग उजवा-डावा सारखा हवा म्हणून दोन्ही बदलले. मग कोणी म्हणाले, बॅटरी म्हातारी झाली. तीही नवी घेतली. अखेर एका दुकानात आम्हांला 60/55 वॅटऐवजी 100/90 वॅटचे बल्ब बसवून मिळाले. दुकानदार म्हणाला, आता दिवस उजाडेल. दिवस उजाडला नाही. उलट पंधरा मिनिटे दिवे लावले की सुकाणूपाशी जळक्या प्लास्टिकचा वास येऊ लागला. तात्पर्य, दिवा मंद म्हणून आम्ही दिव्यालाच दोष दिला आणि दर वेळी पूर्वीपेक्षा अधिक खर्चाचा दोष दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्यांनी आम्हांला बाड्यावर नेले. दौलतगंजाच्या बाजूच्या एका गल्लीत, तांब्या-पितळेच्या दुकानांमागे, मोटारींच्या विजेचे काम करणारे एक वृद्ध मिस्त्री बसतात. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, एक स्टूल आणि भिंतीला टांगलेली रंगीबेरंगी तारांची वेटोळी. आम्ही शिक्षक असल्याचे कळताच आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी आम्हांला 'मास्साब' करून टाकले. आम्ही नवी बॅटरी, नवे बल्ब, जास्त वॅट असा सगळा इतिहास सांगू लागलो. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि एकच प्रश्न विचारला : "झोत खाली असताना निळी बत्ती तेवते का?"

आम्ही चकित झालो. दीड वर्षात हा प्रश्न आम्हांला कोणी विचारला नव्हता. तेवते म्हटल्यावर ते हसले. त्यांनी पेटीतून हातभर लांबीची एक साधी तार काढली. तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर धरले आणि दुसरे डाव्या दिव्यामागच्या काळ्या तारेच्या टोकाला लावले. त्या क्षणी आमचा पिवळा दिवा पांढराशुभ्र झाला. आत फलकावरचा निळा ठिपका विझला. मिस्त्री तार बाजूला करीत म्हणाले, "मास्साब, बल्ब में कोई ऐब नहीं. इसको अर्थ नहीं मिल रहा."

आम्ही मराठीत एम. ए. केले आणि आयुष्यभर हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकवले. अर्थ या शब्दाशी आमचा रोजचा झगडा. कवितेचा अर्थ, ओळीचा अर्थ, संदर्भासहित अर्थ. परंतु अर्थ न मिळाल्यामुळे जळूनही उजेड न पडणारी वस्तू आम्ही त्या गल्लीत प्रथमच पाहिली. हा अर्थ संस्कृतातला नव्हे, पृथ्वीवाचक इंग्रजी शब्द आहे, हे कळत असूनही आम्हांला हसू आले, आणि मिस्त्रींनाही ते का आले ते समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली. "दोनों एक ही बात है," ते म्हणाले.

आता हा अर्थ म्हणजे काय, ते मिस्त्रींनी आम्हांला जसे समजावले तसे सांगतो. बॅटरीच्या धन टोकापासून वीज तारेने दिव्यापर्यंत जाते. परंतु ती गेली तशी परत आली पाहिजे, नाहीतर तिचे चक्र पुरे होत नाही. परतीसाठी मोटारीत बहुतेक ठिकाणी वेगळी लांब तार नसते. मोटारीचा लोखंडी सांगाडा हीच परतीची वाट. दिव्यामागची आखूड काळी तार जवळच पत्र्याला एका स्क्रूने जोडलेली असते आणि बॅटरीचे ऋण टोकही त्याच सांगाड्याला बांधलेले असते. तो जोड तुटला, गंजला किंवा सैल झाला, की वीज आलेली असते पण तिला घरी जाता येत नाही.

मग ती आडवाटा शोधते. हेडलाइटच्या एका बल्बमध्ये दोन बारीक तारा असतात, एक खालच्या झोताची, एक वरच्या झोताची. दोघींची परतीची वाट एकच. ती बंद झाली की खालच्या झोताची वीज त्याच बल्बच्या वरच्या तारेत उलटी शिरते, तिथून पलीकडच्या दिव्याच्या वरच्या तारेतून जमीन गाठते, आणि जाता जाता फलकावरच्या निळ्या ठिपक्यालाही थोडीशी पेटवते. तीन ठिकाणी वाटली गेल्यामुळे कोठेच नीट प्रकाश पडत नाही. म्हणून झोत खाली असताना निळा ठिपका तेवणे ही चुकलेल्या अर्थाची खूण समजावी. ही खूण आमच्या नाकासमोर दीड वर्ष तेवत होती.

अर्थ तुटला कसा, याचे उत्तर आम्हांला अधिक लाजवणारे निघाले. दोन वर्षांपूर्वी डाव्या बाजूला किरकोळ पोचा आला होता. तो काढून आम्ही सबंध मोटारीला हौसेने नवा रंग दिला होता. रंगाऱ्याने पत्रा स्वच्छ रंगवला, आणि मग तो स्क्रू रंगावरूनच पुन्हा पिळला. रंगातून वीज जात नाही. स्क्रूच्या आट्यांतून जेवढा काही संबंध उरला होता, तोही गंजाने हळूहळू खाल्ला. चारचौघांत गाडी नवी दिसावी म्हणून केलेल्या खर्चाने तिचा जमिनीशी असलेला संबंध तोडला होता.

मिस्त्रींनी तो स्क्रू काढला, भोवतीचा रंग रुपयाएवढ्या वर्तुळात खरवडून पत्रा उघडा केला, सँडपेपरने घासून चकचकीत केला, तारेला नवे पितळी थिंबल दिले, दातेरी चकती घालून स्क्रू घट्ट पिळला आणि वर थोडे व्हॅसलीन फासले, म्हणजे ओल लागू नये. काम दहा मिनिटांचे. आम्ही पाकीट काढले. ते म्हणाले, "थांबा, आजार दोन आहेत. एक बरा झाला."

दुसरा आजार उजव्या, म्हणजे आम्ही निरोगी समजत असलेल्या दिव्याचा होता. इंजिन चालू ठेवून त्यांनी मीटर लावले. बॅटरीपाशी दाब 13.9 व्होल्ट आणि दिव्यापाशी 11.6. मधले सव्वादोन व्होल्ट वाटेत सांडत होते. कोठे, ते त्यांनी एकेक जोड तपासून दाखवले. काही फ्यूजच्या टोकांवर चढलेल्या हिरवट थरात, काही जुन्या बारीक तारेत आणि सगळ्यात जास्त सुकाणूजवळच्या स्विचमध्ये. विजेच्या दिव्याचे गणित निर्दय असते. दाब 10 टक्के घटला तर उजेड 10 टक्के नव्हे, सुमारे 30 टक्के घटतो. आणि आम्ही त्यावर उपाय काय केला, तर वॅट वाढवले! 60 वॅटचा दिवा 12 व्होल्टवर 5 अँपिअर ओढतो. 100 वॅटचा आठांहून अधिक. दोन दिव्यांचे मिळून 17 अँपिअर त्या म्हाताऱ्या स्विचच्या गळ्यातून जाऊ लागले. वास येत होता तो तिथून. "रोज थोडी थोडी आग लावत होतात," मिस्त्री म्हणाले. रागाने नव्हे; आम्ही एखाद्या मुलाला चुकलेले गणित दाखवतो तसे.

यावर इलाज दोन रिले बसवण्याचा. रिले म्हणजे विजेने चालणारा कळीचा नोकर. स्विचने त्याला नुसती खूण करायची, अगदी थोड्या विजेने. आणि बॅटरीकडून वेगळ्या जाड तारेने, स्वतंत्र फ्यूजमधून, थेट दिव्याला वीज पोचवायची त्याने. या कामाला दुपार जाणार होती. बल्बही पुन्हा 60/55 वॅटचेच घालायचे होते. "नवा हॅलोजन बल्ब काचेला बोट न लावता धरा," त्यांनी बजावले. बोटाचे तेल तापलेल्या काचेवर डाग धरते आणि बल्ब अकाली जातो. तसेच दिव्याच्या आतला चांदीसारखा मुलामा मळला तरी फडक्याने घासायचा नाही. घासला की तो कायमचा उतरतो.

दुपारभर आम्ही बाड्यावर हिंडलो. जन्मभर पाहिलेली जागा, पण त्या दिवशी जिकडे तिकडे दिवेच दिसत होते. जयविलासच्या दरबार हॉलमधली ती दोन प्रचंड झुंबरे आठवली, प्रत्येकी साडेतीन टनांची. ती टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून त्याची ताकद पाहिली, असे सांगतात. लहानपणी ही गोष्ट ऐकून आम्हांला झुंबरांचे कौतुक वाटे. आज वाटले, खरी हुशारी हत्ती चढवणाऱ्याची. दिवा टांगण्याआधी त्याने आधार तपासला. माधवराव महाराजांना यंत्रांचे मोठे वेड. मेजवानीच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी त्यांचीच, आणि दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ग्वाल्हेरची छोटी रेल्वेही त्यांच्याच काळात पसरली. ती रेल्वे 2020 साली थांबली. तिच्या जागी आता मोठ्या रुळांचे काम आहे. महाराज गादीवर होते त्या काळात मोटारींना पुढे कार्बाइडचे दिवे असत. थेंब थेंब पाण्याने वायू करायचा आणि काडी लावून पेटवायचा. विजेचे दिवे मोटारींवर सर्रास येऊ लागले ते 1912-13 नंतर, आणि एकाच बल्बमध्ये दोन झोतांच्या दोन तारा त्यानंतर बारा-एक वर्षांनी. कार्बाइडच्या दिव्याला परतीची वाट लागत नव्हती. ती चिंता विजेबरोबर आली.

व्हिक्टोरिया मार्केटपुढे क्षणभर थांबलो. 2010 सालच्या आगीत ते आतून जळाले तेव्हा अनेक दुकानदारांचा संसार एका रात्रीत गेला होता. नुसत्या भिंती उभ्या असलेल्या आम्हांला आठवतात. पुढे इमारत सावरली आणि डिसेंबर 2024 पासून तिथे भूविज्ञानाचे संग्रहालय आहे. आत दगड, खनिजे, पृथ्वीच्या पोटाची हकीकत. ज्या शब्दाने सकाळी आम्हांला हसवले, त्याचेच हे घर!

मग गोरखीत गेलो. शिंद्यांचा लष्करातला पहिला राजवाडा इथला. त्यांचे देवघर आजही इथे आहे, आणि त्याच आवारात बाबा मन्सूर शाहांचे स्थान आहे. हे बीडकडचे साधू शिंदे घराण्याने गुरुस्थानी मानले. इथल्याच गोरखी शाळेत अटलबिहारी वाजपेयी शिकले. याच शहरात भा. रा. तांबे राजकवी म्हणून राहिले आणि 1941 साली इथेच त्यांनी देह ठेवला. दख्खनेतून आलेल्या माणसांनी इथली भाषा घेतली, इथली गजक संक्रांतीच्या तिळगुळाशेजारी वाढली, आणि म्हणून त्यांचा दिवा दोनशे वर्षे जळला. आमच्या मंडळींच्या सभांतून नेहमी ऐकू येते की पूर्वीची ज्योत आता मंदावली, मुले पुण्या-बंगळुरास गेली, मराठी शाळा ओस पडल्या. उपाय म्हणून आम्ही दर वर्षी मोठा मंडप घालतो, अधिक वॅटचा पाहुणा बोलावतो. शेजारच्या घरातल्या हिंदी बोलणाऱ्या मराठी मुलाशी बसून चार गोष्टी बोलण्याचा, म्हणजे तो लहानसा स्क्रू खरवडण्याचा, कंटाळा आम्हीही केलेला आहे. हे दुसऱ्या कोणावर ढकलण्याचा आम्हांला अधिकार नाही.

सायंकाळी आई हट्टाने बरोबर आली. काम पुरे झाले होते, पण मिस्त्री म्हणाले, झोत लावायचा राहिला, तो बाजार बंद झाल्यावरच लागेल. म्हणून रात्री साडेदहाला, दुकानांच्या फळ्या पडल्यावर, त्यांनी मोटार एका बंद शटरपासून 25 फुटांवर सपाट जागी उभी करविली. चाकांतली हवा आधीच पाहून घेतली होती. दिव्यांच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून शटरवर खडूने आडवी रेघ मारली आणि प्रत्येक दिव्यासमोर एक उभी. मग एका दिव्यावर पोते टाकून दुसऱ्याचा झोत स्क्रूने हलवत त्याची वरची कड रेघेच्या किंचित खाली आणली. "रेघेच्या वर गेला, तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो," ते म्हणाले. "आपल्याला दिसावे एवढेच नाही, दुसऱ्यालाही दिसत राहावे."

आई स्टुलावर बसून हे सारे पाहत होती. तिला काय आठवले कोण जाणे. ती म्हणाली, "आमच्या गोठीतल्या घरी संध्याकाळी कंदील लावायचे काम माझे. उजेड कमी पडला की सासूबाई म्हणायच्या, वात वाढवू नकोस, आधी काच पूस." वात वाढवली की काच अधिकच काळी होते, हे तिने आम्हांला यापूर्वी कधी सांगितले नव्हते. आम्ही विचारलेही नव्हते. तिने पदराआडून तिळगुळाची पुडी काढून मिस्त्रींच्या हातावर ठेवली. त्यांनी ती कपाळाला लावली. रिले, तारा आणि बल्ब यांचे पैसे त्यांनी मोजून घेतले; अर्थाचे मात्र घेतले नाहीत. "रंग खरवडण्याचे कसले पैसे?"

परतीला आम्ही मुद्दाम संध्याकाळी निघालो. धुके नव्हते, नुसता काळोख. घाटीगावच्या पुढे तो ट्रॉलीचा पट्टा आला तेव्हा आम्ही वेग कमी केला. रस्त्याची डावी कड, पांढरी रेघ, रेघेपलीकडची बाभळीची झुडपे, सगळे स्वच्छ दिसत होते. तो मुलगा अर्थातच तिथे नव्हता. त्याचे नावसुद्धा आम्ही विचारले नव्हते, ही रुखरुख मात्र राहिली आहे.

शिवपुरीस पोचल्यावर चिरंजीवांचा दूरध्वनी आला. सगळी हकीकत ऐकून ते काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबा, विकायचे राहू द्या सध्या. पण धुक्यात रात्री काढू नका." ते आम्ही मान्य केले. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सायंकाळी आम्ही गाडी शाळेच्या भिंतीसमोर 25 फुटांवर उभी करतो. भिंतीवर खडूची रेघ आहे. दोन्ही झोत सारखे पडले की आम्ही आत वाकून फलकाकडे पाहतो. निळा ठिपका विझलेला असतो.